दोनशे चाळीस रुपयांची नोंदवही, अडतीस पोरं

मागच्या जूनमध्ये, शाळा उघडायला चार दिवस असताना, नागपूरच्या महाल भागातल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून मी 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन नोंदवही, इयत्ता पहिली ते चौथी' विकत घेतली. छापील किंमत ३००, मला २४० ला मिळाली. वर्षभर वापरली. १ मेला निकाल वाटून झाला, आता परत जून आला, आणि डीएडच्या वेळच्या मैत्रिणी व्हॉट्सॲपवर विचारून राहिल्या की ती नोंदवही घ्यावी का. एकेकीला उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

प्रकाशकाचं नाव देत नाही, दुकानाचंही नाही. तशीही बाजारात अशा बऱ्याच नोंदवह्या आहेत आणि एकीला झाकावं, दुसरीला काढावं इतक्या त्या सारख्या आहेत. माझं मुखपृष्ठ निळं होतं, त्यावर पुस्तकावर बसलेलं घुबड. माझ्या शेजारच्या वर्गाच्या मॅडमची हिरवी होती, तीवर घुबडाऐवजी पेन्सिलवर बसलेला मुलगा. आत पान उघडलं की मजकूर तोच.

मी गेली बावीस वर्षं प्राथमिकला शिकवते, त्यातली तेरा पहिली-दुसरीला. यंदा दुसरीचा वर्ग, पट ३८. शाळा अनुदानित, दक्षिण नागपुरात. पालक बहुतेक हातावर पोट असलेले: ऑटोवाले, डबे करून देणाऱ्या बाया, बांधकामावर जाणारे, दोन-तीन पोलीस शिपाई.

दुकानात त्या दिवशी बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस तापमान असावं. मान्सून नागपूरला यायचं नाव घेत नव्हता आणि काउंटरवर आमच्यासारख्या पाच-सहा मॅडम हातपंखा करत उभ्या. दुकानदार भाऊंनी घुबडवाली पुढे केली. "मॅडम, हेच न्या. याच्यात सगळंच हाये. नोंदीसुद्धा छापून हायेत. तुम्ही फक्त पोट्ट्यायचं नाव टाका." तेव्हा मी हसले होते. त्या वाक्यातच सगळी गोम होती, ते मला दिवाळीनंतर कळलं.

आता, जे शिक्षक नाहीत त्यांच्यासाठी थोडं मागचं. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं महाराष्ट्रात पहिली ते आठवीला ही मूल्यमापनाची पद्धत आली. त्याआधी मी सहामाही-वार्षिक परीक्षा, टक्के आणि 'पहिला नंबर कोणाचा' या जमान्यात काही वर्षं काढली आहेत. नवीन पद्धतीत दुसरीच्या मुलाचे १०० पैकी ७० गुण आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे वर्षभर शिकता शिकता होणाऱ्या पाहणीचे, आणि ३० संकलित मूल्यमापनाचे, म्हणजे सत्राच्या शेवटी. त्या ३० मध्येही १० तोंडी किंवा प्रात्यक्षिक. लेखी पेपर उरला २० गुणांचा. सात वर्षांच्या पोराला पेपरच्या तालावर नाचवायचं नाही, हा त्यामागचा विचार, आणि तो मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. तिसरी-चौथीला हेच प्रमाण ६० आणि ४० होतं, पाचवी-सहावीला निम्मं निम्मं, सातवी-आठवीला उलटून ४० आणि ६०. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाला मात्र संकलित नाहीच, शंभरही आकारिक.

आकारिकसाठी आठ साधनं दिली आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय-वर्गकार्य आणि 'इतर'. शिक्षकानं त्यातून विषय पाहून निवड करायची. मग बेरीज, श्रेणी आणि त्याखाली वर्णनात्मक नोंदी: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. हिशेब सांगते. ३८ मुलं, ६ विषय, २ सत्रं: ४५६ श्रेण्या. त्यांवर प्रत्येक मुलाच्या सत्राला तीन तरी नोंदी, म्हणजे आणखी २२८. हे सगळं शिकवून, खिचडी वाटून, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून आणि मोबाइलवरच्या माहित्या पाठवून झाल्यावर. तेव्हा कोणी 'फक्त नाव टाका' म्हटलं की पर्समध्ये हात जातोच. मी स्वतःला दोष देत नाही.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं आहे.

बेरजेची पानं उत्तम आखली आहेत. एका ओळीत एक मूल, आठ साधनांचे आठ रकाने, मग आकारिक एकूण, तोंडी, लेखी, संकलित एकूण, एकूण, श्रेणी. ओळींची उंची पुरेशी आहे, माझ्यासारख्या चष्मेवालीला आकडा खालच्या मुलाच्या ओळीत घसरत नाही. श्रेणीचा तक्ता पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला छापला आहे, ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, तिथपासून ३३ ते ४० ड आणि त्याखाली इ-१, इ-२. पान उलटावं लागत नाही, पुठ्ठा उघडा ठेवला की झालं. शेवटी श्रेणीनिहाय गोषवारा आहे: कोणत्या विषयात किती मुलं, किती मुली, कोणत्या श्रेणीत. मुख्याध्यापकांना हा कागद एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात हवा असतो आणि तो आखण्यात पूर्वी माझी एक अख्खी संध्याकाळ जायची. या वर्षी पाऊण तासात झाला. या एका पानासाठी शंभर रुपये द्यायला माझी ना नाही.

आता रडगाणं.

मुखपृष्ठावर 'पहिली ते चौथी' लिहिलं आहे, पण रकान्यांच्या डोक्यावर गुण छापले आहेत ते ६० आणि ४०. म्हणजे तिसरी-चौथीचे. पहिली-दुसरीचे ७०-३० कुठेच नाहीत. हे माझ्या लक्षात आलं ते ऑक्टोबरात, अकरा मुलांचे मराठीचे गुण शाईनं भरून झाल्यावर. मी चिडून दुकानात गेले. भाऊ शांत. म्हणाले, "मॅडम, जास्त करून तिसरी-चौथीवालेच नेतात हे. पहिली-दुसरीवाल्यायनं पट्टीनं खोडून टाकाव." पट्टीनं खोडलं. लाल पेनानं ७० लिहिलं, ३० लिहिलं, चोवीस पानांवर. नोंदवही तपासायला आलेल्या साहेबांनी नेमकं तेच पान उघडून विचारलं, "हे खाडाखोड काय आहे?" पुस्तक छापणाऱ्याची चूक आणि स्पष्टीकरण माझं.

बांधणी डिंकाची आहे, शिलाईची नाही. पोळ्यापर्यंत पहिल्या पानांचा गठ्ठा सुटला. कागद पातळ, जेल पेन मागं उमटतो. बॉलपेननंच लिहा.

हे सगळं मी सोसलं असतं. खरी गोष्ट आहे ती नोंदींची.

मुखपृष्ठावर '३००० हून अधिक तयार वर्णनात्मक नोंदी' असा लाल गोळ्यात छाप आहे. मागची साठ पानं त्यांचीच. विषयवार, अनुक्रमांक टाकून. 'शालेय उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो.' 'परिपाठात नियमित सहभाग घेतो.' 'स्वाध्याय वेळेवर पूर्ण करतो.' 'गणितातील उदाहरणे सोडवताना चुका करतो.' 'वाचनाचा सराव आवश्यक.' सगळ्या 'करतो', 'होतो', 'घेतो'. मुलींसाठी आपण मनातल्या मनात बदलून लिहायचं. रात्री साडेअकराला तिसावं प्रगतीपत्रक लिहिताना मन बदलत नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी पहिल्या सत्रात 'सुंदर चित्र काढतो' अशी घरी गेली.

एका उदाहरणानं सांगते. माझ्या वर्गात एक मुलगा आहे. वजाबाकीत ४२ उणे १७ दिलं की उत्तर ३५ लिहितो. नोंदवहीप्रमाणे त्याला मिळाली नोंद क्रमांक ४१: 'वजाबाकीची उदाहरणे सोडवताना चुका करतो.' ही नोंद खोटी नाही. पण तिच्यातून मला, पुढच्या वर्षीच्या बाईंना किंवा त्याच्या आईला काय करायचं ते काय कळणार? तो चुका करत नाही, एकच चूक करतो, आणि दर वेळी तीच. एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, तर तो ७ मधून २ काढून मोकळा होतो. त्याच्या दृष्टीनं मोठ्यातून लहान जातं, मग वर काय आणि खाली काय! मी त्याच्यापुढे आइस्क्रीमच्या काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या ठेवल्या आणि म्हटलं, यातल्या सतरा मला दे. त्यानं एक गठ्ठा दिला, दोन सुट्या दिल्या, थांबला, माझ्याकडे पाहिलं, मग दुसऱ्या गठ्ठ्याचं रबर काढलं. उरल्या पंचवीस. म्हणजे दशक सोडून घ्यायचं त्याला हातानं येतं, कागदावर येत नाही. ही ओळ मला कोणत्याही छापील पानावर सापडली नाही. सापडणारही नाही, कारण ती त्याच्याकडे पाहिल्याशिवाय लिहिताच येत नाही.

दुसरी एक मुलगी 'त्रेपन्न' ऐकलं की ३५ लिहिते. फळ्यावर ५३ पाहिलं की वाचते बरोबर. मराठीत आपण त्रेपन्न म्हणताना तीन आधी म्हणतो आणि पन्नास मागून, लिहिताना मात्र पाच आधी. तिचा हात कानाच्या मागं धावतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'पन्नास तीन', 'वीस एक' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, विधानसभेत थट्टा झाली, टीव्हीवर चर्चा. त्या पुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर बाईंनी तेव्हा परोपरीनं समजावून सांगितलं होतं, की जुनी नावं घालवायची नाहीत, मुलाला एक वाट जास्तीची द्यायची आहे. मी तेव्हा नाक मुरडणाऱ्यांत होते, कबूल करते. या मुलीला मी 'पन्नास तीन' म्हटलं, तिनं धाडकन ५३ लिहिलं. मग 'म्हणजे त्रेपन्न' म्हटलं. असं आठवडाभर. नोंदवहीत तिच्यासाठी काय होतं? 'संख्यालेखनात चुका करतो.' करतो!

वाचनाचं पान तर बघाच. निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं हे त्याचं लक्ष्य. दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ समजून वाचणं आणि ९९९ पर्यंतच्या संख्या. प्रकाशकानं तत्परतेनं 'वाचन गती' असं पान टाकलं, त्याबद्दल कौतुक. पण रकाना एकच: शब्द प्रति मिनिट. 'समजून' कुठं गेलं? माझ्याकडे एक मुलगा आहे, मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं की नागपूर-अजनी पॅसेंजरची राजधानी होते. ५८ शब्द. पूर्णविरामाला सुद्धा थांबा नाही. विचारलं, गोष्टीत कोण होतं रे? "मॅडम, ते नाई पाहिलं." आणि त्याच बाकावरची एक मुलगी, ३३ शब्द, बोट लावून लावून वाचणारी. त्या गोष्टीत माकड टोपली डोक्यात घालतं आणि त्याला काही दिसेनासं होतं. ती त्या ओळीवर आली आणि वाक्य संपायच्या आतच हसली. पुढचा शब्द वाचायच्या आधी तिला तो कळला होता. रकान्यात एक ५८ आणि एक ३३.

मला हे कुणी नवीन शिकवलं असं नाही. 'प्रथम' या संस्थेचे 'असर' सर्वेक्षणवाले २००५ पासून खेड्यापाड्यांत मुलाच्या घरी जाऊन एकेकाला समोर बसवून वाचून घेतात: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. एक कागद, एक मूल, पाच-दहा मिनिटं. त्यांच्या आकड्यांवरून स्टाफरूममध्ये आमची कितीही भांडणं होवोत, ती एकेकाला जवळ बसवायची पद्धत मात्र मी उचलली. तोंडी काम म्हणजे सगळ्या वर्गाला उभं करून पाढे म्हणवणं नाही. त्यात चार जणांचे ओठ नुसते हलतात.

आणखी एक गोष्ट मला बोचली. भाषेच्या 'सुधारणा आवश्यक'मध्ये एक नोंद आहे, 'बोलण्यात बोलीभाषेचा प्रभाव दिसतो.' अहो, दिसणारच! नागपूरचं पोरगं 'मी जेवतो आहे' म्हणेल की 'मी जेवून राहिलो' म्हणेल? माझ्या वर्गात चार घरांत छत्तीसगढी बोलतात, सहा-सात घरांत हिंदी, दोन घरांत भंडाऱ्याकडची झाडीबोली. ते मूल शाळेत येऊन वेगळीच मराठी शिकतं आणि त्याचं बक्षीस म्हणून त्याच्या प्रगतीपत्रकावर 'प्रभाव दिसतो'. दुकानदार भाऊ, आमचे मुख्याध्यापक आणि मी स्वतः, आम्ही सगळे त्या नोंदीला पात्र आहोत.

तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या पोळ्याचा, प्रसंग सांगते आणि मग मुद्द्यावर येते. (मैत्रिणी म्हणतील ही विषय सोडून चालली. नाही.) आमच्या शाळेत दरवर्षी लाकडी बैल सजवून आणायला सांगतो. तिकडे महालात त्याच दिवशी मारबत-बडग्यांची, म्हणजे वाईटाच्या पुतळ्यांची, मिरवणूक असते, त्यामुळे आम्ही आमचा पोळा एक दिवस अलीकडे घेतो. जूनपासून वर्गात 'हजर मॅडम' याखेरीज एक शब्द न बोललेली एक मुलगी त्या दिवशी बैल घेऊन आली. झूल आईच्या जुन्या ब्लाउजपिसाची, शिंगांना चॉकलेटचा चंदेरी कागद, गळ्यात मोत्याच्या तुटक्या माळेचे मणी. मी विचारलं, कोणी केलं ग? आणि तिचं जे सुरू झालं! मणी आधी दोऱ्यात ओवले, मग दोरा तुटला, मग भावानं तार आणली, तार टोचत होती म्हणून तिला कापूस गुंडाळला, कारण 'बैलाले टोचन नं मॅडम'. क्रम होता, कारण होतं, अडचण होती, तोड होती. चार मिनिटं. मी त्या बैलाखालच्याच कागदाच्या तुकड्यावर पेन्सिलनं लिहून घेतलं. तोवर मी तिच्या तोंडी कामाच्या रकान्यात १० पैकी ३ टाकले होते. ते ३ तिचे नव्हते, माझ्या प्रश्नांचे होते. 'सांग पाहू, पावसाळ्यात काय काय होतं?' याला कोण उत्तर देईल?

आता तो दिवाळीनंतरचा प्रसंग. पहिल्या सत्राच्या पालकसभेत प्रगतीपत्रकं वाटली. माझ्या वर्गात जुळ्या बहिणी आहेत. त्यांची आई नंदनवनला डबे पुरवते, स्कूटीवरून येते, हेल्मेट हातातच. दोन्ही पत्रकं तिनं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एकदा ह्याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग म्हणाली, "मॅडम, दोघीयचं एकच लिहून आहे. या घरी तर उत्तर-दक्षिण आहेत." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी घरी येऊन पाहिलं. एकीचं मी मंगळवारी लिहिलं होतं, दुसरीचं गुरुवारी. दोन्ही वेळा क्रमांक १४, २७ आणि ४१. नोंदवहीनं मला फसवलं असं नाही म्हणता येणार. मीच मुलीकडे न बघता पान ६३ कडे पाहिलं. पण ती नोंदवही तसं करायला किती सोपं करून देते, हे मात्र परीक्षणात लिहायलाच हवं.

त्यानंतर मी काय केलं ते सांगते. नोंदवहीच्या शेवटी सहा कोरी पानं आहेत, वर 'टिपणे' एवढंच छापलेलं. ती या पुस्तकाची सगळ्यांत चांगली पानं. ती पंधरा दिवसांत भरली, मग दहा रुपयांची चौकोनी कॉपी घेतली आणि प्रत्येक मुलाला दोन पानं दिली. रोज चार मुलं ठरवायची, त्यांची नावं सकाळी हजेरीच्या वेळी तळहातावर लिहायची (हसू नका, वही विसरते, हात विसरत नाही), आणि त्या दिवशी त्या चौघांवर डोळा ठेवायचा. ३८ मुलं दहा दिवसांत एकदा फिरून होतात. एका मुलाला एक ओळ, तारखेसह. 'काय येत नाही' असं लिहायचं नाही, 'काय केलं' ते लिहायचं. 'घड्याळात काटा ३ वर पाहून तीन मिनिटं म्हणाला.' 'डबा उघडताना शेजारणीचं झाकण स्वतःहून उघडून दिलं.' 'क आणि फ यांत गोंधळ, वाळूत गिरवल्यावर कमी.' सत्राच्या शेवटी एकेका मुलाच्या सहा-सात ओळी जमतात आणि वर्णनात्मक नोंद त्यातून आपोआप निघते. उलट वेळ वाचतो, कारण तीन हजारांतून शोधावं लागत नाही.

पुठ्ठ्याच्या मागं एक क्यूआर कोड आहे, 'डिजिटल नोंदींसाठी स्कॅन करा'. केला. एका व्हॉट्सॲप ग्रुपात गेले, जिथे रोज सकाळी गुलाबाची फुलं येत होती. बाहेर पडले.

यंदाची आवृत्ती दुकानात चाळून आले. किंमत ३४० झाली आहे, बांधणी तीच. पहिली-दुसरीचे रकाने वेगळे केलेत, ७०-३० बरोबर छापलंय, म्हणजे कोणीतरी आणखी भांडलं असणार. नवीन शिक्षण धोरणानंतर २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा आला, त्यापाठोपाठ एनसीईआरटीच्या 'परख' या मूल्यमापन केंद्रानं समग्र प्रगतीपत्रकाचा नमुना दिला: त्यात झरा, पर्वत, आकाश असे तीन टप्पे, मुलानं स्वतःबद्दल चेहरे रंगवायचे, मित्रानं मित्राबद्दल सांगायचं, पालकांचंही पान. मला तो नमुना बघताक्षणी आवडला होता. आमच्या प्रकाशकानं त्याचं एक पान यात घातलंय. वर डोंगराचं चित्र. खाली 'या टप्प्यासाठी तयार नोंदी', क्रमांक १ ते ८०. मुलानं स्वतःबद्दल काय वाटतं ते सांगायचं, तेही छापून तयार: 'मला ही कृती करताना आनंद झाला.'

तर पाचपैकी अडीच. दोन बेरजेच्या आणि गोषवाऱ्याच्या पानांना, अर्धा कोऱ्या पानांना. तिसरी-चौथीला असाल आणि पट पन्नासच्या वर असेल तर घ्या, मागची साठ पानं मात्र पहिल्याच दिवशी पिनांनी बंद करून टाका. पहिली-दुसरीला असाल तर त्याच दुकानात नुसते निकालपत्रकाचे सुटे कागद मिळतात, आखलेले, पन्नास मुलांचा संच ६० रुपयांना. मागितल्याशिवाय ते काढत नाहीत, खालच्या फळीवर असतात. मी या वेळी तेच घेतले आणि वर दहावाल्या चार कॉप्या. भाऊ म्हणाले, "मॅडम, नोंदीचं काय मग? यंदा चार हजार हायेत." मी तळहात दाखवला. त्यांना काही कळलं नाही, त्यांनी हिशेब करून १०० रुपये घेतले.

दुकान दुपारी दोन ते चार बंद असतं. गाडी आत नेऊ नका, बडकस चौकातच लावून पायी जा.